कोरियन माणसांशी युद्धाबद्दल बोलायचं तर कसं?

मुक्कामपोस्ट_सुवोन

सध्या मुक्काम सुवोनला, सोलच्या दक्षिणेला तासाभरावर. इथे भारतीय पुष्कळ, मराठीही बऱ्यापैकी. इथे येणारा प्रत्येक परदेशी माणूस कधी ना कधी १९५०च्या उत्तर-दक्षिण कोरिया युद्धाचा विषय काढतोच. मग त्याला दोनपैकी एक अनुभव येतो. एक तर समोरचा 'हं, ते खूप जुनं झालं' म्हणून ताटातलं मांस परतायला लागतो, नाही तर एकदम इतकं बोलतो की आपल्याला काय उत्तर द्यावं ते कळत नाही.

उत्तरेने क्षेपणास्त्र सोडलं की घरून फोन येतात. 'बातम्यांत दाखवताहेत, तू बरा आहेस ना?' त्या वेळी माझ्या शेजारच्या टेबलावरची मंडळी जेवायला कुठे जायचं यावर खल करत असतात. 'तुम्हाला भीती नाही वाटत?' हा परदेशी लोकांचा ठरलेला प्रश्न आणि खांदे उडवणं हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यावरून आपली मंडळी निष्कर्ष काढून मोकळी होतात की यांना युद्धाचं काही पडलेलं नाही.

पण ६ जूनला हुतात्म्यांच्या दिवशी सकाळी १० वाजता देशभर भोंगा वाजतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी बस स्टॉपवर होतो. बस जागच्या जागी थांबली, कॉफीचा कप हातात घेतलेली कॉलेजची पोरगी मान खाली घालून उभी राहिली, मिनिटभराने भोंगा थांबला आणि सगळे चालायला लागले. कोणी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणजे पडलेलं नाही असं नाही, फक्त ते आपल्याशी बोलण्यात येत नाही.

युद्ध २५ जून १९५०ला पहाटे सुरू झालं म्हणून ते त्याला नुसतं 'युगिओ' म्हणतात, सहा-दोन-पाच. २७ जुलै १९५३ला पानमुन्जॉमला शस्त्रसंधी झाली, तह आजतागायत नाही, आणि त्या शस्त्रसंधीवरही दक्षिण कोरियाची सही नाही. पुस्तकातलं एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. मला ऐकायचंय ते तुमचे अनुभव. कोणाशी, कसं बोलणं झालं? कुठे अडलं?

---

कोरेगावची_लेक

माहेर कोरेगाव (सातारा), सासर कोरिया, त्यामुळे नावावरचे सगळे विनोद ऐकून झालेत, कृपया नवीन आणा. :)

नवऱ्याच्या आजी, म्हणजे आमच्या हाल्मोनी, ह्वांगहे प्रांतातल्या. तो भाग आता उत्तरेत. १९५१च्या जानेवारीत चिनी फौजा खाली आल्या तेव्हा आई आणि धाकट्या बहिणीबरोबर त्या दक्षिणेत आल्या, तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांच्या. वडील आणि मोठा भाऊ 'घर बघतो, आठवड्याभरात येतो' म्हणून मागे राहिले.

लग्न झाल्यावर मी उत्साहाने विचारलं होतं, 'युद्धात काय काय झालं?' त्या म्हणाल्या, 'थंडी होती.' संपलं. पुढे एकदा कोबीचा ढीग घेऊन किमचीला बसलो होतो, तेव्हा मी आपलं आपल्याकडे विचारतात तसं विचारलं, 'तुमच्या गावाकडे किमची अशीच करतात का हो?' तर हाल्मोनींनी हातातला कोबी खाली ठेवला. गावाकडे मसाला कमी, रस जास्त, हिवाळ्यात त्याच गार पाण्यात शेवया घालून खायच्या. मग विहीर कुठे, शाळा कुठे, भाऊ कुठल्या झाडावरून पडला, सगळं आलं. तासभर बोलत होत्या, आणि त्यात युद्ध हा शब्द नव्हता.

दर सोल्लालला (त्यांचं नवं वर्ष) आम्ही त्यांना इम्जिनगाकला नेतो. तिथे उत्तरेकडे तोंड करून एक वेदी बांधलीय, मांगबेदान. ज्यांची गावं पलीकडे राहिली ती माणसं तिथे फळं, सुका मासा, तांदळाची दारू मांडून पूर्वजांना नमस्कार घालतात. सासूबाई सफरचंदाचा वरचा भाग कापून मांडतात, हाल्मोनी दर वेळी ते स्वतः पुन्हा नीट लावतात. मग भावाचं आत्ताचं वय मोठ्याने सांगतात.

विभक्त कुटुंबांच्या यादीत त्यांचं नाव आहे. असे १,३०,०००च्या वर अर्ज आले होते. २००० ते २०१८ या काळात समोरासमोर भेटींच्या २१ फेऱ्या झाल्या, प्रत्येक वेळी दोन्हीकडून साधारण शंभर-शंभर जण, तेही संगणकाने काढलेल्या सोडतीतून. हाल्मोनींचा नंबर लागला नाही. अर्ज केलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त आता हयात नाहीत.

---

तिरकस_तात्या

लेख बरा आहे. पण मला एक कळत नाही, आपण एवढं अवघडून का बोलायचं? भारताने त्यांना मदत केली होती. आपलं वैद्यकीय पथक गेलं होतं, आपल्या जनरलसाहेबांनी युद्धकैदी सांभाळले. ते अभिमानाने सांगावं. तुर्कस्तानचा माणूस भेटला की कोरियन लोक 'रक्ताचा भाऊ' म्हणून मिठी मारतात म्हणे. आपल्याला कोणी साधा चहा तरी पाजला का?

---

उमा_कल्याण

तात्या, चहा नाही, तिथे कॉफी पाजतात.

पथकाची गोष्ट मात्र खरंच सांगण्यासारखी. ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. १९५०च्या नोव्हेंबरात बुसानला उतरले आणि थोड्याच दिवसांत प्याँगयांगमधून माघार घ्यायची वेळ आली. सामान न्यायला गाड्या नाहीत. औषधं आणि उपकरणं टाकून जायला ही मंडळी तयार नव्हती. त्यांनी एक वाफेचं इंजिन शोधलं, बादल्यांची साखळी करून त्यात पाणी भरलं आणि सगळं सामान घेऊन दक्षिणेत आले. मार्च १९५१ला मुनसानला अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर त्यांनी उड्याही मारल्या. पथकाच्या एका तुकडीने देगूला राहून नागरिकांवरही उपचार केले. रंगराजांना महावीर चक्र मिळालं.

---

फौजीचा_नातू

तात्या, इथे थोडं थांबा. दुसरा अर्धा भाग, युद्धकैद्यांचा, तुम्ही समजता तसा नाही.

माझे आजोबा १९५३-५४मध्ये कोरियात होते, जनरल थोरातांच्या हाताखाली. शं. पां. पा. थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. आमच्या घरी त्यांचा फोटो देवघराच्या बाहेर, पण देवांच्या रांगेत आहे, त्यामुळे अभिमानाचं मला सांगू नका.

पण त्यांच्या दलाचं काम काय होतं ते बघा. शस्त्रसंधीनंतर सुमारे २३,००० कैदी असे होते की ज्यांना मायदेशी परत जायचं नव्हतं, निदान त्यांना पकडून ठेवणाऱ्या बाजूचं म्हणणं तसं होतं. बहुतेक चिनी, बाकी उत्तर कोरियन, आणि उत्तरेच्या ताब्यातले, तिकडेच राहू इच्छिणारे थोडे. त्यांचं काय करायचं हे ठरवायला पाच तटस्थ देशांचा आयोग नेमला: भारत, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया. अध्यक्ष जनरल थिमय्या. कैद्यांवर पहारा आपल्या जवळपास ६,००० जवानांचा, प्रमुख थोरात.

दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन री यांना हे अजिबात मान्य नव्हतं. त्यांच्या लेखी भारत म्हणजे कम्युनिस्टांकडे झुकलेला देश. आपण सैन्य पाठवलं नव्हतं, फक्त डॉक्टर पाठवले होते. १९५३च्या जूनमध्ये रींनी अमेरिकेलाही न विचारता सुमारे २७,००० कम्युनिस्टविरोधी कैदी छावण्यांतून सोडून दिले होते. भारतीय सैनिकाचा पाय आमच्या जमिनीला लागता कामा नये, असा त्यांचा हट्ट. म्हणून आपले जवान इंचॉनच्या समुद्रात बोटीवरून थेट हेलिकॉप्टरने तटस्थ पट्ट्यात नेले. आजोबा म्हणायचे, 'ज्या देशात गेलो तो देश आम्ही वरूनच बघितला.'

छावणीत कैदी डबे बडवत, गाणी म्हणत, झेंडे नाचवत, दगड मारत. त्यांचे पुढारी आतून दहशत ठेवून असत, 'परत जायचंय' म्हणणाऱ्याची खैर नसे. सप्टेंबरात चिनी कैद्यांनी आपला एक मेजर, ग्रेवाल, आत ओढून नेला. थोरात मोजक्या माणसांनिशी, विनाशस्त्र आत गेले आणि त्याला घेऊन बाहेर आले. ऑक्टोबरात मात्र दंगल आवरताना आपल्या जवानांना गोळीबार करावा लागला, काही कैदी मेले. दक्षिणेतल्या वर्तमानपत्रांत तेव्हा आपल्याबद्दल काय छापून आलं असेल त्याची कल्पना करा.

तेव्हा एखाद्या ८५ वर्षांच्या हाराबोजींना (आजोबांना) 'आम्ही भारतीयांनी तुमचे कैदी सांभाळले' असं छाती फुगवून सांगितलं, तर त्यांच्या डोळ्यांसमोर काय उभं राहील याचा नेम नाही. डॉक्टर आठवले तर उत्तम. पहारेकरी आठवले तर कॉफी विसरा.

---

तिरकस_तात्या

हे ठाऊक नव्हतं. पण मग थोरातांचं कौतुक करायचं की नाही?

फौजीचा_नातू

करायचंच. फक्त ते आपल्या घरी करायचं. त्यांच्या घरी गेल्यावर आधी त्यांचं ऐकायचं.

---

देजॉनकर

मी इथे पीएचडी करतोय. धागाकर्त्याच्या 'कुठे अडलं' या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहितो, कारण आपण सगळे एक गृहीत धरून चाललोय की म्हातारी माणसं दुःखामुळे बोलत नाहीत. ते असतंच. पण बऱ्याच घरांत गप्प राहण्याचं कारण दुःख नाही, भीती आहे. आणि ती भीती उत्तरेची नाही.

सोल शहराने एका वर्षाच्या आत चार वेळा हात बदलले. २८ जून १९५०ला उत्तरेकडे, सप्टेंबरअखेर परत, ४ जानेवारी १९५१ला पुन्हा उत्तर आणि चीनकडे, मार्चमध्ये पुन्हा परत. सुरुवातीला काय झालं ते बघा: अध्यक्षसाहेब स्वतः शहर सोडून गेले, आणि रेडिओवर त्यांच्या आवाजात जनतेला धीर देणारं भाषण चाललेलं. २८च्या पहाटे दक्षिणेच्याच सैन्याने हान नदीवरचा पूल उडवला, माणसं पुलावर असताना. लाखो लोक अलीकडे अडकले. तीन महिन्यांनी सरकार परत आलं आणि या अडकलेल्यांनाच विचारायला लागलं: तुम्ही इथे का थांबलात? शत्रूला भाकरी दिली का? त्यांच्या सभेला गेला होतात का?

गावोगावी हेच. सैन्य आलं की एका बाजूचे लोक मारले जायचे, सैन्य गेलं की दुसऱ्या बाजूचे. मारणारे पुष्कळदा ओळखीचेच असत. इथे देजॉनच्या कडेला गोल्ल्योंगगोल नावाची दरी आहे. १९५०च्या उन्हाळ्यात दक्षिणेच्या पोलीस आणि लष्कराने तुरुंगातले राजकीय कैदी आणि डावे असल्याचा संशय असलेली माणसं तिथे नेऊन मारली. त्याच वर्षी सप्टेंबरात उत्तरेच्या लोकांनी माघार घेताना देजॉनच्याच तुरुंगात कैद्यांची कत्तल केली. दुसरी गोष्ट शाळेच्या पुस्तकात होती. पहिली वर्षानुवर्षं नव्हती.

माझ्या लॅबमधल्या सन्बेच्या (सीनियरच्या) आजोबांचा भाऊ त्या उन्हाळ्यात नाहीसा झाला. कुठे गेला हे घरातल्या मोठ्यांना माहीत, पण बोलायचं नाही. कारण 'योन्ज्वाजे': नातेवाईक डावा निघाला, उत्तरेत गेला किंवा तसा संशय असला, की त्याची नोंद अख्ख्या कुटुंबाच्या मागे. सरकारी नोकरी नाही, लष्करी अधिकारी होता येत नाही, परदेशी जायची परवानगी नाही. १९८०च्या घटनेने हे कागदावर बंद केलं. पण तीस वर्षं ज्यांनी पोरांना 'काकाचं नाव काढायचं नाही' म्हणून शिकवलं, ती माणसं घटना बदलली म्हणून बोलायला लागत नाहीत. सन्बेच्या वडिलांना स्वतःला चुलत्याचं कळलं ते २००५नंतर, सत्यशोधन आयोगाचं काम सुरू झालं तेव्हा, आणि तेही आजोबांनी नाही, आत्याने सांगितलं. २००८मध्ये अध्यक्ष रो मू-ह्योन यांनी उल्सानमधल्या अशा हत्यांबद्दल राज्याच्या वतीने माफी मागितली. आजोबांनी ते टीव्हीवर बघितलं आणि चॅनल बदललं.

म्हणून परदेशी माणसाने 'तुमचे आजोबा कोणत्या बाजूने लढले?' असं सहज विचारू नये. विचारणाऱ्याला त्याचं उत्तर फक्त उत्तर किंवा दक्षिण असेल असं वाटतं. ऐकणाऱ्याला ती पोलीस चौकशी वाटू शकते.

---

कोरेगावची_लेक

देजॉनकर, हे वाचून आत्ता एक उलगडलं. हाल्मोनी मागे राहिलेल्या भावाबद्दल बाहेरच्या कोणाशीही बोलताना 'वारला' म्हणतात. घरात त्याचं वय मोजतात. मला ते आजवर अपशकुनाबिपशकुनाचं काहीतरी वाटत होतं.

---

जांभळी_आर्मी

मी कोरियात नाही, ठाण्यात आहे, हसू नका. पण तुम्ही कोरियन आणि अमेरिकन एवढंच बोलताय. चिनी लोकांचं काय? २०२०मध्ये बीटीएस या कोरियन बँडच्या आरएमने एका पुरस्काराच्या भाषणात कोरिया आणि अमेरिकेच्या सामायिक वेदनेचा उल्लेख केला, तर चीनमध्ये केवढा गदारोळ झाला! 'आमच्या सैनिकांचं बलिदान विसरला' म्हणून. काही कंपन्यांनी तर तिथल्या जाहिरातींतून मुलांचे फोटो काढून टाकले.

देजॉनकर

हसण्यासारखं काही नाही, अगदी बरोबर मुद्दा आहे. आमच्या लॅबमध्ये हे रोज नांदतं. चिनी मुलगा आणि सन्बे दोघं एकाच यंत्रावर काम करतात, एकमेकांना घरचा खाऊ देतात. एकदा जेवताना कोणीतरी विषय काढला. चिनी मुलाच्या शाळेत हे युद्ध ऑक्टोबर १९५०ला सुरू होतं, 'अमेरिकेला रोखा, कोरियाला मदत करा' या नावाने. जूनमध्ये काय झालं ते त्याला एका ओळीत शिकवलं होतं. सन्बे म्हणाला, 'आमच्याकडे तो एका ओळीतला भागच सगळं आहे.' मग दोघंही थोडा वेळ भात खात राहिले. मी आपला मधे बसून मुळ्याच्या लोणच्याचं कौतुक केलं.

पाजूमध्ये शत्रुसैनिकांचं वेगळं कब्रस्तान आहे. चिनी सैनिकांचे अवशेष २०१४पासून दक्षिण कोरिया दर वर्षी चीनला परत देतो. चिनी मुलाला हे सन्बेने सांगितलं, त्याला माहीत नव्हतं.

---

रांजणगाव_शिफ्ट

आमच्याकडे उलट. परदेशी ते आहेत, आपण घरचे. इथल्या एका कोरियन कंपनीत आहे. आमच्या एका भाऊने नव्या साहेबांना पहिल्याच दिवशी विचारलं, 'सर, नॉर्थ का साऊथ?' साहेब म्हणाले, 'नॉर्थचा असतो तर तुझ्या शिफ्टला आलो नसतो.'

तेच साहेब एकदा पार्टीत रंगात आले. वडील युद्धात होते का, असं कोणी विचारलं नव्हतं. त्यांना आमच्याकडच्या हमालांच्या पाठीवरची पोती बघून आठवलं. टिश्यू पेपरवर पेनाने एक चित्र काढलं: इंग्रजी ए अक्षरासारखी लाकडाची चौकट, मागे दोन खुंट्या, खांद्याला गवताचे पट्टे. 'जिगे.' वडील अठरा-एकोणीस वर्षांचे असताना हे पाठीला लावून डोंगरावर अमेरिकन सैनिकांना दारूगोळा आणि जेवण पोचवायचे, उतरताना त्यावरच जखमी माणूस. हातात बंदूक नाही. म्हणे, सिनेमात सैनिक दिसतात, जिगेवाला कोणी दाखवत नाही. मग टिश्यू चुरगाळला आणि त्यानेच टेबल पुसलं.

साहेब पंचवार्षिक योजना, रस्ते, कारखाने यावर कितीही वेळ बोलतात. वडिलांवर एवढंच.

---

उमा_कल्याण

आमच्या कल्याणजवळ उल्हासनगर. माझ्या लहानपणी शेजारच्या सिंधी आजी लारकान्याच्या घराचं कुलूप जपून ठेवायच्या, त्याची आठवण झाली हे सगळं वाचताना.

मुक्कामपोस्ट_सुवोन

उमाताई, ते मनात येतंच. पण एक फरक मोठा आहे. आपल्याकडे फाळणीनंतर पत्रं तरी जात-येत होती, व्हिसा मिळवून लोक जुनी घरं बघून आले. इथे टपाल नाही, फोन नाही, माणूस जिवंत आहे की नाही हेही कळायची सोय नाही. आणि हे दक्षिणेतल्या दक्षिणेतसुद्धा. १९८३मध्ये केबीएस या इथल्या टीव्ही वाहिनीने ताटातूट झालेल्या नातेवाइकांसाठी कार्यक्रम सुरू केला. थोड्या वेळाचा ठरलेला, तो १३८ दिवस चालला, १०,०००हून जास्त गाठीभेटी झाल्या. ही सगळी माणसं तीस वर्षं एकाच देशात राहत होती, काही तर एकाच शहरात, आणि एकमेकांना मेलेली समजत होती. वाहिनीच्या येओइदोच्या इमारतीच्या भिंती, खांब, जिने नावांच्या फलकांनी भरले होते. ते चित्रीकरण युनेस्कोच्या यादीत आहे, जालावर सापडेल. भाषा कळत नसली तरी बघा.

---

तिरकस_तात्या

बरं, आता कामाचं. पुढच्या वर्षी मुलाकडे सोलला येतोय. मला ती सीमा बघायची आहे. आणि 'काय बोलू नये' याची यादी द्या, मुलाने आधीच दम भरलाय.

मुक्कामपोस्ट_सुवोन

तात्या, यादीबिदी नाही. सीमेकडच्या सहलीला मूळ पासपोर्ट लागतो, झेरॉक्स चालत नाही. सोमवारी बंद असतं. सोलमधलं योंगसानचं युद्ध स्मारकही सोमवारी बंद, तिथे किमान अर्धा दिवस ठेवा. बाहेरच्या ओसरीत भिंतीवर मेलेल्या सैनिकांची नावं कोरलीत, त्यांच्यासमोर उभं राहून दुर्बिणीतून उत्तर कोरिया कसा दिसला याच्या गप्पा मारू नका, एवढं पाळा. वेळ असेल तर योंगदोंगजवळ नोगुन-रीचा रेल्वेपूल बघा. जुलै १९५०मध्ये अमेरिकन सैनिकांनी त्याखाली लपलेल्या निर्वासितांवर गोळ्या चालवल्या. काँक्रीटवरच्या गोळ्यांच्या खुणांभोवती पांढऱ्या रंगाने गोल आणि त्रिकोण काढलेत. सहलीच्या गाड्या तिथे जात नाहीत, तुम्हाला स्वतःच जावं लागेल.

फौजीचा_नातू

आणि थोरातांचं विचारलंच कोणी तर सांगा. माझ्या अनुभवात 'भारत' म्हटल्यावर बऱ्याच कोरियनांना पहिल्यांदा आठवते ती शाळेत अभ्यासाला असलेली एक कादंबरी. तिचा नायक युद्धकैदी, दोन्ही कोरियांना नकार देऊन तिसऱ्या देशाकडे निघालेला. खरेही असे होते, ७६ कोरियन आणि १२ चिनी, आपल्या जवानांबरोबर फेब्रुवारी १९५४मध्ये बोटीने मद्रासला आले. बहुतेक पुढे ब्राझील, अर्जेंटिनाला गेले, काही आपल्याकडेच राहिले. आजोबा त्यांच्यातल्या एकाबरोबर बोटीवर पत्ते खेळायचे. भाषा एकमेकांची येत नव्हती. 'लबाडी मात्र पक्की करायचा' म्हणायचे.

तिरकस_तात्या

पासपोर्ट, सोमवार, पूल. टिपून घेतलं. कोरेगावकर ताई, तुमच्या हाल्मोनींना कोल्हापूरचा गूळ चालेल का?

कोरेगावची_लेक

चालेल म्हणजे! दाताने फोडून खातात. फक्त साताऱ्याचा म्हणून द्या.